दोन नंबरचा रिमोट

तेजलचं म्हणणं, पाच शेवट आहेत.
चार तिने पाहिलेत. पाचव्यासाठी म्हणे
पहिल्याच गावातल्या लोहाराशी खोटं बोलायचं नसतं,
आणि ती तर बोलून बसली आहे, मार्चमध्ये, परीक्षेच्या आधी.
"मग आता?"
"आता काय मामा, सुरुवातीपासून."
गोकुळपेठेतली दुपार, कूलरला वाळ्याचा वास,
पारा सेहेचाळीस, रस्त्यावर कुत्रंही नाही,
आणि ही मुलगी पुन्हा एकदा जन्माला येते,
नाव विचारलं की तेच नाव टाकते.

मी म्हणालो, हे काही खरं नाही.
शेवट एक असावा.
पाच शेवट ठेवणारा म्हणजे लग्न जुळवणारा मध्यस्थ,
मुलाकडे एक सांगतो, मुलीकडे दुसरंच.
ठरव की बाबा एकदाचं, राजा मेला का नाही.
तिने स्क्रीनवरची नजर न हलवता विचारलं,
"तुमच्या वेळी किती होते?"

एक.
आणि तोही आम्ही पाहिला नव्हता.

गोळीबार चौकात परातेंच्या घरी
हातमागाचा खड्डा होता, माग विकलेला.
त्यावर फळ्या टाकून दोन टीव्ही मांडले होते.
तासाला पाच रुपये.
परातेकाकू टेबलघड्याळ मांडीवर घेऊन बसायच्या,
गजर त्यांच्या लुगड्यात वाजायचा
आणि आमचा किल्ला असेल तिथे विझायचा.
कंट्रोलर वगैरे शब्द नव्हते, रिमोट म्हणायचो.
एक नंबरचा माझा, कारण पैसे माझे.
दोन नंबरचा सुगतचा, त्याचं एक बटण चिकटायचं.
मी लाल, तो निळा.
मी पूल ओलांडायचो, तो मागे थांबून
माझ्या वाटचे बाण खायचा
आणि ओरडायचा, "समोर पाय बे, समोर!"

मे महिना. शेवटचं दार. घड्याळात चार मिनिटं.
खिशात पाचाचं नाणं होतं, दळणाचं.
सुगतला ते दिसलं होतं.
त्याला दिसलंय हे मला दिसलं होतं.
"आणखी एक तास घे ना बे."
"नाई ना माह्याजवळ."
गजर.
जूनमध्ये त्याच्या वडिलांची बदली झाली, बल्लारपूरला.

एवढं ऐकून तेजलने खेळ थांबवला, फोन काढला,
आणि पंचवीस वर्षं न दिसलेला शेवट
दीड मिनिटात माझ्या नाकासमोर धरला.
दार उघडतं. अंगण. कारंजं.
पायरीवर लाल उभा,
मागे चौकोनी सूर्य, चार सुरांची धून पुन्हा पुन्हा.
मी निळा शोधत होतो.
"परत लाव."
तिने परत लावलं. तिसऱ्यांदा न सांगता लावलं.
निळा नव्हता.
बनवणाऱ्याने तो काढलाच नव्हता,
दोघं मिळून आलात तरी अंगणात एकच माणूस.

इथे झिरो माइलचा दगड आणायचा मोह होतो,
चारी दिशांचे रस्ते वगैरे.
राहू दे. तिथून फक्त अंतरं मोजतात.

पण मी वाद बदलला.
पाच नकोतच मला, पाचांत माणूस
सीताबर्डीवर चपला बघत फिरल्यासारखा फिरतो.
आणखी एकच असावा.
रंग नसले तरी चालेल, धून नसली तरी चालेल.
त्यात निळा अंगणात पोचतो,
आणि लाल बाहेर, चक्कीच्या रांगेत,
डबा दोन पायांत धरून,
नाणं घामाने ओलं.
"असला शेवट कोण खेळेल?" तेजल म्हणाली.
मी काही बोललो नाही.

तेवढ्यात लाईन गेली.
कूलरचं पातं दोन-तीन वेळा फिरलं, थांबलं.
लोहार काहीतरी विचारत होता, उत्तर द्यायचं राहिलं.
"सेव्ह केलं होतंस?"
"त्याच्याशी बोलून झाल्यावरच करता येतं," ती म्हणाली,
आणि वहीचा पुठ्ठा घेऊन
आधी स्वतःला, मग मला
वारा घालू लागली.